शेजारच्या खुर्चीवरचा माणूस

गेल्या महिन्यांतील गोष्ट. रात्रीची पंगत बसली होती. आमच्या घरीं एवढी एक चाल अद्यापि टिकून आहे कीं, सकाळीं ज्याला जसें जमेल तसें तो जेवून जातो. रात्रीं मात्र लहानथोर सर्व मंडळी एकत्र बसतात, आणि दिवसभराच्या बातम्या वरणभाताबरोबरच वाढल्या जातात. धाकटी सूनबाई एका बँकेंत नोकरीस आहे. ती जेवतां जेवतां म्हणाली, "अण्णा, उद्यां आम्ही सगळे मिळून मॅनेजरांकडे एक अर्ज देणार आहोंत. मसुदा तयार आहे. मीही सही करावी असं सगळ्यांचं म्हणणं आहे. तुम्हांला काय वाटतं?"

अर्ज कोणाविरुद्ध? तर शेजारच्या खिडकीवर काम करणाऱ्या एका बाईंविरुद्ध. त्यांचे अपराध सूनबाईनें बोटांवर मोजून सांगितले. त्या दुपारीं डबा खाण्यास इतरांबरोबर बसत नाहींत. कचेरींतील मंडळींचा मोबाइलवर जो गट आहे, त्यावर कोणीं कांहीं विचारलें तर उत्तर देत नाहींत. कोणाचा वाढदिवस असो, कोणाची बढती असो, वर्गणी तेवढी देऊन मोकळ्या होतात. आणि कामाची वेळ संपली कीं, दुसऱ्याचें काम उरकलें आहे कीं नाहीं इकडे न पाहतां पिशवी उचलून चालूं लागतात. "कामांत चूक नाहीं हो त्यांची," सूनबाई म्हणाली, "पण माणूस अगदीं कोरडा. आम्ही कोणी त्यांच्या खिजगणतींतच नाहीं."

थोरल्या चिरंजीवांनीं ताबडतोब निकाल दिला, "सही करून टाक. सगळ्यांनीं केली आणि तूं नाहीं केलीस, तर पुढचा अर्ज तुझ्यावर!" मोठा हंशा पिकला. आम्हांला मात्र हंसूं आलें नाहीं. आम्हीं सूनबाईला एवढेंच सांगितलें, "सही उद्यां करूं नकोस, परवां कर. मधल्या वेळांत तुला एक गोष्ट सांगायची आहे." तीच गोष्ट वाचकांसही सांगावी असें मनांत आल्यावरून या महिन्याचें हें टिपण लिहावयास घेतलें आहे.

नोकरीच्या ठिकाणचा सोबती हा मोठा चमत्कारिक नातलग आहे. मित्र आपण निवडतों, आप्त जन्मानें मिळतात. सहकारी मात्र जावांसारखे असतात. निराळ्या घरच्या, निराळ्या वळणाच्या दोघी एका स्वयंपाकघरांत येऊन पडतात, आणि चूल दोघींत एक. एकत्र कुटुंबांत ज्यांचे दिवस गेले त्यांस हें विस्तारानें सांगावयास नको. परंतु जावेच्या माहेरीं काय चाललें आहे तें निदान आपल्या कानांवर येतें. शेजारच्या खुर्चीवर दिवसाचे सात-आठ तास बसणाऱ्या माणसाच्या घरीं काय चाललें आहे, हें दहा दहा वर्षें कळत नाहीं. जें कळत नाहीं तें आपण तर्कानें भरून काढतों, आणि हा तर्क बहुधा वांकड्या वाटेनेंच धांवतो. आपणांस उशीर झाला तर एसटी चुकलेली असते. दुसऱ्यास उशीर झाला तर तो आळशी असतो.

आतां ती गोष्ट. १९८९ साल. आम्ही त्या वेळीं एका तालुक्याच्या गांवीं माध्यमिक शाळेंत संस्कृत व मराठी शिकवीत होतों. वय तिशीच्या आंत, आणि विद्येची घमेंड वयाला शोभेल इतकी. शिक्षकांच्या खोलींत एक लांबलचक मेज, दोन्ही अंगांस खुर्च्या, कोंपऱ्यांत पाण्याचा माठ आणि खडूंच्या पेट्यांचें कपाट. मेजाच्या अगदीं टोंकाला, भिंतीला पाठ लावून, गणिताचे एक शिक्षक बसत. वय पन्नाशीच्या घरांत. शिकविण्यांत हातखंडा; बोर्डाच्या परीक्षेंत त्यांच्या वर्गाचें गणित कधीं मागें पडलें नाहीं. परंतु गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांचें वागणें बदललें होतें. नमस्कार केला तर कधीं घेत, कधीं समोर पाहत बसत. मधल्या सुटींत गप्पा रंगल्या म्हणजे ते वर्तमानपत्र उघडीत. तास संपल्याची घंटा झाली तरी वर्ग सोडीत नसत. पुढच्या तासाचा शिक्षक दारांत ताटकळत उभा राही. वर्गांत इतके मोठ्यानें बोलत कीं शेजारच्या वर्गांत कालिदास ऐकूं येऊं नये!

हें सर्व आम्हीं सोसलें असतें. परंतु एके दिवशीं मधल्या सुटीच्या गोंगाटांत आमच्यांतील एक तरुण शिक्षक, जे वडिलांचें दिवसकार्य आटोपून नुकतेच रुजू झाले होते, त्यांच्याजवळ जाऊन वडील गेल्याचें सांगूं लागले. त्यावर हे गृहस्थ मान डोलावून, हंसून म्हणाले, "वा! छान, छान." तो तरुण पांढरा फटक पडला. खोलींत असलेल्या प्रत्येकानें तें ऐकलें. त्याच सायंकाळीं अर्ज लिहिण्याचें ठरलें.

अर्जावर सतरा सह्या झाल्या. आमची तिसरी होती. पण सहीपेक्षांही मोठा वांटा आमचा दुसराच होता. मसुदा कोणीं तरी ओबडधोबड लिहिला होता. भाषेचे शिक्षक म्हणून तो शुद्ध करण्यासाठीं आमच्याकडे आला. मूळ मसुद्यांत 'उद्धटपणा' असा शब्द होता. तो आम्हांस गांवठी वाटला. आम्हीं तो खोडून 'सहकाऱ्यांप्रति औद्धत्यपूर्ण अनास्था' असा प्रयोग केला, आणि त्या प्रयोगावर मनांतल्या मनांत खूषही झालों.

मुख्याध्यापकांनीं त्यांस बोलावून कागद पुढें ठेवला. त्यांनीं तो वाचला, घडी करून परत दिला, आणि "मी विचार करतो" एवढेंच म्हणाले. आठ दिवसांनीं त्यांनीं स्वेच्छानिवृत्तीची सूचना दिली, आणि तीन महिन्यांनीं ते गेले. निरोपसमारंभ झाला नाहीं. अर्ज केलेल्या सतरा जणांनीं हार तरी कोणत्या तोंडानें घालावा? त्यांची छत्री आणि डबा घेऊन एसटी स्टँडपर्यंत पोंचवावयास गेला तो एकटा शाळेचा शिपाई. त्याला सारी शाळा 'मामा' म्हणे.

मामा परत आले तेव्हां आम्हीं सहज विचारलें, "काय मामा, तुमच्याशीं तरी बोलायचे का ते?"

मामा म्हणाले, "बोलायचे कीं. जरा समोर उभं राहून सावकाश बोलावं लागायचं. सरांना ऐकूं कमी येतं ना? तुम्हांला ठाऊक नव्हतं, गुरुजी?"

आम्ही जागच्या जागीं गार झालों. मामांनीं तें कसें ओळखलें? तर घंटा देणारा तोच. घंटा दिल्यावरही हे फळ्यावर लिहीतच राहतात, हें त्यानें दोनदां पाहिलें. तिसऱ्या वेळेपासून घंटेची मोगरी ठेवली कीं तो त्यांच्या वर्गाच्या खिडकीवरून जाई आणि हात वर करी. तो हात दिसला म्हणजे हे खडू ठेवीत. ज्या दिवशीं मामा रजेवर असत किंवा मुख्याध्यापकांच्या कामांत अडकत, त्या दिवशीं वर्ग सुटावयास उशीर होई, आणि आम्ही दारांत उभे राहून दांत-ओठ खात असूं.

या बहिरेपणाविषयीं पुढें आम्हीं जें वाचलें तें येथें सांगणें अवश्य आहे, कारण पुष्कळ घरांत तें उपयोगी पडेल. उतारवयाकडे जें बहिरेपण हळूहळू येतें, तें सगळेच आवाज एकदम बंद करीत नाहीं. उंच पट्टीचे, बारीक नाद बहुधा आधीं जातात. स, श, फ, त, क यांसारखीं अघोष व्यंजनें बरीचशीं याच पट्टींत ऐकूं येतात. स्वरांचा भर खालच्या पट्टींत असतो. त्यामुळें कोणी बोलत आहे हें अशा माणसास ऐकूं येतें. काय बोलत आहे तें लागत नाहीं. शांत खोलींत एकच माणूस समोर बसून बोलत असेल तर तो नीट उत्तर देतो. गोंगाटांत चार जण एकदम बोलूं लागले कीं त्याचा धागा सुटतो. मग तो चेहऱ्यांकडे पाहून अंदाजानें मान डोलावतो, आणि कधीं तरी भलत्याच ठिकाणीं "छान" म्हणून बसतो. पाहणाऱ्यांस मात्र वाटतें, 'सोयीचें तेवढें बरें ऐकूं येतें!' आमच्या अर्जांतील दुसरें कलम नेमकें हेंच होतें.

पुढें दिवाळीच्या सुटींत धीर करून आम्ही त्यांच्या गांवीं गेलों. त्यांनीं आदरानें घरांत घेतलें. बसण्यापूर्वीं त्यांनीं आमची खुर्ची उचलून खिडकीसमोर अशी ठेवली कीं उजेड आमच्या तोंडावर पडावा. ओठ दिसावे म्हणून. आम्हीं विचारलें, "आपण आम्हांस सांगितलं कां नाहीं?" ते म्हणाले, "सांगितलं असतं तर वर्ग कोणी हातांत राहूं दिला असता? मुलीचं लग्न व्हायचं होतं." थोडें थांबून हंसले आणि म्हणाले, "अर्जाची भाषा तुमची होती ना? ओळखली मीं. चांगली होती. संधि सगळे बरोबर होते."

त्या वाक्याला आजतागायत आम्हांस उत्तर सुचलेलें नाहीं.

त्यांची भीति खोटी होती असें म्हणतां येणार नाहीं. नोकरींत असतां अपंगत्व आलें म्हणून कर्मचाऱ्यास काढतां येणार नाहीं, त्याचा हुद्दा कमी करतां येणार नाहीं, असा निर्बंध १९९५ सालच्या अपंगांसंबंधींच्या कायद्यानें घातला; आणि २०१६ सालच्या नव्या कायद्यानें सरकारी व सरकारी साहाय्य घेणाऱ्या संस्थांसाठीं तो कायम ठेवला. त्यांच्या वेळीं हें छत्र नव्हतें. परंतु कायदा झाला तरी तो खुर्ची राखील. आपलें उणें शेजाऱ्याजवळ बोलून दाखविण्याचा धीर देणें कायद्याच्या हातचें नाहीं. तो धीर देणारा शेजारीच असावा लागतो.

आमची लाज अशी कीं, ज्या वर्षीं हें घडलें त्याच वर्षीं गीतेच्या सहाव्या अध्यायांतील 'आत्मौपम्य' हा शब्द आम्हीं मुलांना फोड करून समजावून दिला होता. स्वतःची उपमा देऊन दुसऱ्याचें सुखदुःख ओळखावयाचें, इतका सरळ अर्थ. आमच्या साहित्यशास्त्रांत तर याच गुणावर सारा डोलारा उभा आहे. नवव्या शतकांतील आनंदवर्धन आणि त्याच्या ग्रंथावर टीका लिहिणारा अभिनवगुप्त हे उत्तम वाचकाला 'सहृदय' म्हणतात. इंग्रजींत ज्याला 'एम्पथी' म्हणतात तो शब्द अलीकडचा. टिचेनर नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें तो १९०९ सालीं एका जर्मन शब्दावरून बनविला. म्हणजे शब्दांचा तोटा आमच्याकडे कधींच नव्हता. काव्यांतील शकुंतलेसाठीं आम्ही सहृदय होतों. मेजाच्या टोंकाला बसलेल्या माणसासाठीं नव्हतों.

दया आणि समवेदना यांत जो भेद आहे, तो आम्हांस मामांनीं शिकविला. दया वरून खालीं येते. करणारा चढावर उभा असतो आणि घेणाऱ्यास मान खालीं घालावी लागते. मामांनीं दया केली नाहीं, हळहळ केली नाहीं, चार जणांत बोभाटाही केला नाहीं. त्यांनीं केवळ आपली उभें राहण्याची जागा बदलली. पाठीमागून हाक मारण्याऐवजीं समोर जाऊन उभे राहिले. शंकराचार्यांची एक आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे. मंडनमिश्रांस वादांत जिंकल्यावर त्यांच्या पत्नीनें संसारासंबंधीं प्रश्न विचारले, तेव्हां आचार्यांस मुदत मागून अमरुक राजाच्या देहांत प्रवेश करावा लागला. सर्व शास्त्रें मुखोद्गत असलेल्या पुरुषालाही, दुसऱ्याचें जिणें कसें असतें हें बसल्या जागेवरून सांगतां आलें नाहीं. आपणांस परकायाप्रवेशाची विद्या नाहीं. पण खुर्ची दोन हात सरकविण्याची तरी आहे.

येथें कोणी म्हणेल, "अशानें कामचुकारांचें फावेल. प्रत्येकाच्या मागें कांहीं तरी अडचण असतेच. मग तक्रार कोणीं करूंच नये काय?" आक्षेप रास्त आहे. कचेरी ही धर्मशाळा नव्हे. तक्रार अवश्य करावी. परंतु तींत कृत्य लिहावें, हेतु लिहूं नये. 'घंटा झाल्यावरही वर्ग सोडीत नाहींत' हें कृत्य झालें. एवढेंच लिहून आम्ही थांबलों असतों, तर मुख्याध्यापकांनीं विचारलें असतें, 'घंटा ऐकूं येत नाहीं काय?' आणि तेथेंच उलगडा झाला असता. आम्हीं लिहिलें 'औद्धत्य'. त्या शब्दानें पुढचा प्रश्नच बंद केला. कृत्य पाहिलेलें असतें. हेतु आपण आपल्या पदरचा घातलेला असतो.

दुसरी शंका अशी कीं, समवेदना दाखवावयाची म्हणजे सहकाऱ्याच्या मतास मान डोलवावी काय? मुळींच नाहीं. याचा मोठा दाखला आपल्या पुण्यांतीलच आहे. टिळक आणि आगरकर हे दोघे १८५६ च्या जुलैंत नऊ दिवसांच्या अंतरानें जन्मले. न्यू इंग्लिश स्कूल, 'केसरी', 'मराठा', १८८४ ची डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ चें फर्ग्युसन कॉलेज, या कामांत दोघे खांद्याला खांदा लावून उभे होते. १८८२ सालीं कोल्हापूर प्रकरणांत शिक्षा होऊन दोघांनीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस एकत्र काढले. याहून जवळचे सहकारी ते कोणते? तरीही सामाजिक सुधारणा आधीं कीं राजकारण आधीं, या वादानें फूट पडली. १८८७ त आगरकरांनीं 'केसरी' सोडला, १८८८ त 'सुधारक' काढला. पुढें सोसायटींतील आजीव सभासदांनीं वेतन किती घ्यावें, बाहेरचें काम व प्राप्ति पत्करावी कीं नाहीं, यावर वाद विकोपास जाऊन १८९० त टिळकांनीं सोसायटी सोडली.

या वादांत कोण बरोबर होतें, हें ठरविण्याचा येथें उद्देश नाहीं. तत्त्वाचा प्रश्न खरा होता आणि संसाराची ओढाताणही खरी होती. परंतु वाद वाढतो तेव्हां एकाची निष्ठा दुसऱ्यास हट्ट दिसूं लागते आणि एकाची गरज दुसऱ्यास लोभ वाटूं लागते. कृत्यावरून हेतूवर आपण केव्हां उतरलों हें कोणासच कळत नाहीं. १७ जून १८९५ रोजीं आगरकर वारले. वय पुरें एकोणचाळीसही झालें नव्हतें. 'केसरी'चा मृत्युलेख टिळकांनीं लिहिला, आणि तो लिहितांना त्यांस अश्रू आवरत नव्हते, असें चरित्रकार सांगतात. मतभेद मृत्यूनें मिटला नाहीं. टिळकांचें मत होतें तेंच राहिलें. अश्रू होते ते त्या सोबत्यासाठीं, ज्याच्याशीं तुरुंगाच्या एका कोठडींत वाद घालीत रात्री काढल्या होत्या. आम्हांस हा प्रसंग आठवला म्हणजे वाटतें, मृत्युलेख लिहितांना सोबत्याचें जें रूप दिसतें, तें तो समोरच्या खुर्चीवर बसलेला असतां आपणांस कां दिसूं नये? इतक्या थोर माणसांच्या बाबतींत हें घडतें, तर आपण सामान्यांनीं किती जपलें पाहिजे!

उलट बाजूचाही एक दाखला द्यावासा वाटतो. १९१२ सालीं मद्रासच्या पोर्ट ट्रस्टच्या कचेरींत तीस रुपये पगारावर एक तरुण कारकून लागला. तो श्रीनिवास रामानुजन्. त्याचे वरिष्ठ एस्. नारायण अय्यर हे स्वतः गणिताचे एम्. ए. होते. कारकुनाच्या वहींतील गणित त्यांस उमगेना. अशा वेळीं बहुतेक वरिष्ठ म्हणतील, 'हिशेब पाहा, खुळ्यासारखें कांहीं खरडूं नका.' अय्यर रात्रीं त्याला घरीं बोलावीत आणि दोघे पाट्या घेऊन बसत. त्यांनीं त्याला सांगितलें तें असें कीं, तुझ्या दोन पायऱ्यांच्या मधल्या पायऱ्या मला दिसत नाहींत. मला दिसत नाहींत तर इतरांस कशा दिसतील? माझ्या पातळीवर उतरून त्या लिहून दाखव. वरिष्ठानें कनिष्ठापुढें आपलें न कळणें आधीं कबूल केलें, ही या गोष्टींतील खरी थोरवी. १९१३ च्या जानेवारींत रामानुजननें केंब्रिजच्या हार्डीस तें प्रसिद्ध पत्र धाडलें, तेव्हां तो पोर्ट ट्रस्टच्या हिशेबखात्यांतील कारकूनच होता. पण एकटा नव्हता.

गुरु आणि शिष्य अध्ययनास बसतांना जो शांतिपाठ म्हणतात, त्याचा अर्थ वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. त्यांत रक्षण मागितलें आहे, सामर्थ्य मागितलें आहे, अध्ययन तेजस्वी व्हावें असें मागितलें आहे. आणि सर्वांत शेवटीं, आपणां दोघांत द्वेष न यावा, हें मागितलें आहे. लहानपणीं आम्हांस याचें आश्चर्य वाटे. गुरुशिष्यांत द्वेष कशाला येईल? आतां कळतें कीं, एकत्र काम करणें हीच द्वेष उगवण्याची सुपीक जागा आहे, हें त्या ऋषींनीं पुरतें ओळखलें होतें.

आतां घरांतील वडील मंडळींस दोन शब्द. कचेरींतील भांडणें कचेरींत जन्मतात, पण वाढतात ती घरच्या पंगतींत. मुलगा किंवा सून शेजाऱ्याची कागाळी सांगूं लागली कीं आपण मायेनें त्यांची बाजू घेतों, 'तूं कां ऐकून घेतोस?' म्हणून चढवून देतों. त्याऐवजीं आपण एकच विचारावें: 'त्यानें केलें काय, आणि तुला वाटलें काय, हें वेगवेगळें सांग.' इतक्यानेंच निम्मी कागाळी गळून पडते, असा आमचा अनुभव आहे. दुसरें असें कीं, मोबाइलवर चार ओळींत कोणाचाही निकाल लावूं नये. तेथें चेहरा नसतो, आवाज नसतो. शब्द तेवढा राहतो, आणि वाचणारा त्याला आपल्या रागाचा सूर लावतो. जें बोलावयाचें तें समोर जाऊन, चार जणांदेखत नव्हे, हळू बोलावें. आणि तिसरें, सर्वांत नाजूक. समवेदना म्हणजे चौकशी नव्हे. 'घरीं काय आहे? नवरा काय करतो?' असें खोदून विचारणें हा वेगळाच जाच आहे. आपण दार उघडें ठेवावें. आंत यावयाचें कीं नाहीं हें ज्याचें त्यानें ठरवावें.

सूनबाईनें त्या रात्रीं गोष्ट ऐकून घेतली. ती कांहीं बोलली नाहीं. दोन दिवसांनीं कळलें कीं, तिनें सही केली नाहीं. मॅनेजरांकडे जाण्यापूर्वीं ती त्या बाईंजवळ एकटीच गेली आणि म्हणाली, "तुमच्या कामाच्या वेळांत मला कांहीं अदलाबदल करतां येण्यासारखी असेल तर सांगा." बाई म्हणाल्या, "कांहीं नाहीं. थँक्यू." झालें, संपलें. सूनबाई हिरमुसली होऊन घरीं आली. आम्हीं म्हटलें, "उत्तर मिळवायला गेली होतीस कीं विचारायला?"

अर्ज अद्यापि टेबलाच्या खणांत पडून आहे असें ऐकतों. एक सही राहिली म्हणून आणखी दोघांनीं आपल्या सह्या मागें घेतल्या. त्या बाईंच्या घरीं काय आहे, हें सूनबाईला आजही ठाऊक नाहीं, आणि कदाचित् कधीं कळणारही नाहीं. मात्र गेल्या शुक्रवारीं त्या बाई आपण होऊन तिच्या खिडकीजवळ आल्या आणि म्हणाल्या, "उद्यां सकाळीं अर्धा तास माझी खिडकी सांभाळाल का?"

सूनबाईनें ही बातमी पंगतींत सांगितली तेव्हां थोरले चिरंजीव म्हणाले, "म्हणजे तुझं काम वाढलंच कीं!"

"हो," सूनबाई म्हणाली, "पण त्यांनीं मागितलं ना."